वाळूवरचं अळणी भरीत

सारंगखेड्याच्या जत्रेला निघालेली माणसं अजून मला विचारतात, "आजी, तिथे चांगलं कुठे खायला मिळतं?" मी सांगते, कुठेही नाही. घरून भाकरी बांधून न्या, घोडे बघा, दत्ताला नमस्कार करा आणि भूक लागायच्या आत परत या. त्यांना वाटतं म्हातारी गंमत करते. खाण्यावरून गंमत करण्याची सवय मला कधीच नव्हती.

माझं माहेर लोणखेड्याच्या अंगाला. मार्गशीर्षात जत्रा भरली की आमच्या गाड्या जुंपल्या जात आणि तापीच्या वाळूवर पाल ठोकून आम्ही चार-सहा दिवस राहत असू. लग्न झाल्यावरही मी सासरहून हट्टाने यायचे. त्यामुळे तिथली खाण्याची सगळी ठिकाणं मला तोंडपाठ होती, आणि एकही तोंडात घालण्याजोगं नव्हतं.

देवळाच्या वाटेवर पहिला भेटायचा तो जिलेबीवाला. त्याचा पाक गांधीलमाश्यांनी भरलेला असे. तो माश्या हाकलायचा नाही, हाताने बाजूला सारायचा, कारण हाकलल्या तर त्या गिऱ्हाइकाला चावतील अशी त्याला काळजी. त्याच्या पलीकडे भजी. जत्रेच्या पहिल्या दिवशी कढईत पडलेलं तेल शेवटच्या दिवसापर्यंत तेच, फक्त रंग बदलत जाई, आणि भज्यांचा रंगही त्याबरोबर. शेवेत तिखट इतकं की ती किती जुनी आहे हे जिभेला कळायच्या आधी डोळ्यांतून पाणी यायचं. नंदुरबारच्या मिरचीचं नाव सगळीकडे झालं, पण त्या मिरचीने किती शिळ्या मालाचे गुन्हे झाकले त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मग एक चहाचं हॉटेल आलं. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, आणि पुढे एक बाक. दोंडाईच्याला रेल्वेतून उतरून, पायताणं हातात धरून नावेने नदी पार केलेले लोक त्या बाकावर बसत आणि बशीत फुंकर घालून गुळाचं काळं पाणी पीत. आमच्याकडच्या पोरांना त्याचं फार अप्रूप. घरी धारोष्ण दूध सोडून हे पाणी प्यायला रांग लावायची आणि वर म्हणायचं, जत्रेचा चहा म्हणजे जत्रेचा चहा.

एक खानावळही असे, धुळ्याहून कोणी आणायचा. पाटीवर 'शुद्ध व रुचकर' असं लिहिलेलं. वरण इतकं पातळ की वाटीचा तळ दिसे, आणि तळ बघून समाधान वाटावं असाही तो नसे. सातपुड्यातून, धडगावच्या बाजूने, लोक मक्याची भाकरी आणि मिरच्यांची चटणी फडक्यात बांधून येत. झाडाखाली बसत, खात, हात धूत आणि घोडे बघायला जात. चांगलं कुठे मिळतं हे त्यांनी कधी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही.

विचारायचे ते आमच्यासारखे. आणि आमच्यासारख्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. गुऱ्हाळ, विहीर, बागायत असलेल्या घरातल्या माणसाने बाजारात बसून खाणं म्हणजे अब्रू गेली. म्हणून आमचे पुरुष बाजारातून मान ताठ ठेवून जात, आणि गाडीमागे आडोशाला बसून गड्याने आणलेली तीच भजी खात. अब्रू पुढच्या बाजूला असते, मागच्या बाजूला नसते, असा त्यांचा समज होता.

पण खोटं कशाला बोलू. एक ठिकाण होतं. आणि ते आमचंच होतं.

माझे वडील आणि माझे काका, हे दोघे सख्खे भाऊ, मिळून तिथे वाळूवर भरीत करायचे. आमच्या खानदेशात हिवाळ्यातलं भरीत म्हणजे पुरुषांचं काम. वर्षभर ज्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलेलं नसतं ते त्या दिवशी बाह्या वर करून आचारी होतात. शेतात कापूस वेचून झाला की उरलेल्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, त्यांचा जाळ करायचा आणि त्यात पांढरट हिरवी, हाताला भरतील अशी वांगी टाकायची. वडील भाजायचे. वांगं कधी उलटायचं आणि कधी ओढायचं ते त्यांना वासावरून कळे. सोललेली वांगी मग काकांकडे जात. काका ती लाकडी काठवटीत मिरची-लसणाबरोबर ठेचायचे, कांद्याची पात, दाणे, कोथिंबीर घालायचे, आणि शेवटी मीठ. मिठाला काकांशिवाय कोणी हात लावायचा नाही.

ते भरीत चांगलं होतं हे मी कबूल करते. लोक वास काढत आमच्या गाड्यांपर्यंत येत. सुरतेकडचे, काठेवाडाकडचे घोड्यांचे व्यापारी येत. वडील आणि काका मिशांवरून हात फिरवत स्तुती ऐकून घेत. तिकडे तीन दगडांवर, डोळ्यांत धूर घेत, माझी आई आणि मावशी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी भाकरी थापत. त्याला कोणी स्वयंपाक म्हणत नसे. भरीत पुरुषांनी केलं आणि भाकरी आपल्या आपण आल्या, असंच सगळे धरून चालत.

मावशी म्हणते ती काकांची बायको. आई आणि ती सख्ख्या बहिणी, दोन भावांना दिलेल्या. जगाच्या नात्याने ती काकू, पण मी तिला काकू म्हटल्याचं मला आठवत नाही. या दोघींना भाऊ नव्हता. आई-बाप लवकर गेले. आता आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरी राबणारी बाई त्या दिवसांत माहेरी जाते, झोक्यावर बसते, भावजयीच्या हातचं आयतं खाते. या दोघींना जायला माहेरच उरलं नव्हतं. मग त्यांनी आपसातच एक तोड काढली होती. आखाजीला एक दिवस आई माहेरवाशीण व्हायची आणि मावशी भावजय. आई पाटावर बसून राहायची, मावशी तिला वाढायची. दुसऱ्या दिवशी उलट. आणि जेवण शेवटी एकाच ताटात. घरातले पुरुष याला पोरखेळ म्हणत. वाळूत घोड्यांच्या शेपट्या मोजत फिरणाऱ्यांनी दुसऱ्याला पोरखेळ म्हणावं, हे त्यांनाच शोभतं.

मग एका जत्रेत वडिलांनी घोडी घेतली. काकांना विचारलं नाही. एका काठेवाडी व्यापाऱ्याकडून, भरल्या बाजारात, उपरण्याखाली बोटं दाबून सौदा केला आणि घोडी घेऊन पालावर आले. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि थांबले. घोडीच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. त्याला आसूढाळ म्हणतात. तसा भोवरा असलेलं जनावर धन्याच्या घरी रडणं आणतं, असा आमच्या शहाण्यांचा दाखला. काका एवढ्यावर गप्प राहते तर ते काका कसले? त्यांनी दहा माणसांत हसून म्हटलं, "दादा, पैसा दीसन रडू लई उना!" म्हणजे पैसे मोजून रडणं घरी आणलंस.

वडिलांचं नाक तेव्हा जमिनीपासून फार उंच असे. ते म्हणाले, मग तू तुझी वाटणी घे. काका म्हणाले, घेतो. भोवऱ्यावरून जमीन वाटली जाते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वडील तरातरा चालत गुडघाभर पाण्यात गेले, ओंजळीत तापीचं पाणी घेतलं आणि ओरडले, "आजपाईन तुन्हा घरनं मीठ मन्हा तोंडमा जाणार नही!" काकांना मागे कसं राहवणार? त्यांनी वाळूवर जोडे काढून व्यवस्थित बाजूला ठेवले, पाण्यात शिरले आणि तीच शपथ घेतली. दोन मिशाळ बाप्ये नदीत ओंजळी धरून उभे, आणि काठावर जत्रा हसते आहे.

आई आणि मावशी तेव्हा भाकरी थापत होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही. नवऱ्याची शपथ ती बायकोची शपथ, हे तर धरूनच चाललेलं. त्यांना ते मागाहून, तवा उतरवताना कळलं.

ती घोडी पुढे किती तरी वर्षं जगली. वडिलांना पाठीवर घेऊन शहाद्याला जायची, यायची, कधी अडली नाही, कधी आजारी पडली नाही. रडणं घरात आलं हे खरं, पण ते तिने आणलं नव्हतं.

काका नदीकडच्या जमिनीवर घर बांधून गेले. दोन घरांत तीन-चार कोसांचं अंतर पडलं. आखाजीला मी माहेरी यायचे तेव्हा आई माझं सगळं करायची. पुरणाचे मांडे खापरावर टाकायची, डोक्याला तेल लावायची. आणि गावातल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणायला लागल्या की उठून मागच्या परसात जायची. मी एकदा तिच्यामागे गेले. ती काही रडत नव्हती. शेणाच्या गोवऱ्या उगाच एका ढिगातून दुसऱ्या ढिगात ठेवत होती. मी म्हटलं, तू चोरून जा तिच्याकडे, खा, ये, कोणाला कळतंय? आई म्हणाली, "तापीनी शपथ शे, बाई. मी मोडी तं तुन्हा आबाले लागी." तिला नवऱ्याच्या जिवाची भीती होती. नवऱ्याला तिच्या जिवाची आठवणही नव्हती.

जत्रेत मात्र दोघी भेटायच्या. जत्रा काही वडिलांच्या मालकीची नव्हती. भावा-भावांनी पालं तर जुन्याच जागी ठोकली, कारण ती जागा सोडली असती तर हरल्यासारखं झालं असतं. मध्ये दहा-बारा हात वाळू. पहिल्या वर्षी मावशी फडक्यात भाकरी गुंडाळून आमच्या पालाशी आली. आईने हात पुढे केला आणि वडिलांकडे पाहिलं. वडील जाळाकडे बघतच म्हणाले, "भाकरमा मीठ शे."

ते खरं होतं. आमच्याकडे जत्रेला कळण्याची भाकरी लागते. ज्वारी आणि उडीद एकत्र, आणि मीठ त्यात दळतानाच पडतं. मावशी भाकरी घेऊन परत गेली. आईचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग तिने तो पिठाला लावला.

आता भरताची गंमत ऐका. वडील भाजायचे उत्तम, पण मीठ-मिरचीचा अंदाज त्यांना जन्मात नव्हता. ते मूठभर मीठ टाकत, चाखत, तोंड वाकडं न करता म्हणत, झक्कास. तिकडे काकांचा हात मसाल्याला सोन्यासारखा, पण वांगी वरून कोळसा आणि आतून कच्ची. ते कच्चं वांगं ते इतक्या जोराने ठेचत की काठवटीला चीर गेली. दोघेही येणाऱ्याला आग्रह करत. भिडेला पडलेली माणसं आधी इकडे खारट खात, मग तिकडे करपट खात, दोन्हीकडे वाहवा करत आणि शेवटी भज्यांच्या दुकानाकडे जात. सारंगखेड्याला चांगलं कुठे मिळतं याचं उत्तर त्या वर्षापासून बदललं. पण ते त्या दोघांना सांगायची छाती कोणाची नव्हती. माझी होती. मी वडिलांना म्हटलं, "आबा, हे भरीत घोडीला द्या, तिला मीठ लागतं." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला बरं वाटलं.

अशा तीन-चार जत्रा गेल्या. मग ज्या जत्रेचं सांगते आहे ती आली. निघायच्या आधी आईने पिठाचा डबा भरला तेव्हा मी पाहिलं नाही. वाळूवर गेल्यावर वडिलांनी डब्यात हात घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कळणा कोठे शे? हाई तं नुसती दादर शे."

दादर म्हणजे आमच्या तापीकाठची ज्वारी. चव चांगली, पण तिचं पीठ नुसतं ज्वारीचं. त्यात ना उडीद, ना मीठ. आई म्हणाली, "ध्यानमा नही ऱ्हायनं." वडील बायकांच्या ध्यानावर बराच वेळ बोलले. ज्या माणसाला भरतात मीठ दोनदा पडलं हे ध्यानात राहत नसे, त्याने हे बोलावं. आईने परातीत पीठ घेतलं. मलाही वाटलं, हिचं वय झालं.

दुपार कलली आणि नावेतून तोच काठेवाडी व्यापारी उतरला, ज्याने घोडी विकली होती. मधली वर्षं तो आला नव्हता. भांडण झालं, वाटणी झाली, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने बरोबर दोघे-तिघे नवे व्यापारी आणले होते आणि वाटेत त्यांना सांगत आला असणार की या जत्रेत खायचं तर एकाच जागी. तो वाळू तुडवत आला, झाडाला बांधलेली घोडी पाहिली, तिच्या मानेवर थाप मारली आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "पटेल, भरीत क्यां छे? केटला वरसथी भूख्यो छुं!" किती वर्षांचा भुकेला आहे म्हणे.

तो आला आणि थबकला. समोर दोन जाळ होते. पाहुणा उभा, म्हणजे आता दोघांच्याही घराण्याची परीक्षा. वडिलांनी हाक दिली, "ये शेठ, बस. आठे शे भरीत." काकांनी पलीकडून आवाज चढवला, "शेठ, तठे नुसतं भाजेल वांगं मिळी. भरीत आठे शे!" वडील म्हणाले, त्याचं खाल्लंस तर दात काळे होतील. काका म्हणाले, त्याचं खाल्लंस तर रात्रभर तापी प्यावी लागेल. दोघेही खरं बोलत होते, आयुष्यात पहिल्यांदा. पाहुण्याचे सोबती एकमेकांकडे बघायला लागले. आजूबाजूच्या गाड्यांवरून माणसं उतरून येऊ लागली. कोणाचं खाल्लं तरी दुसऱ्याचा अपमान, आणि न खाता गेला तर दोघांची नाचक्की. व्यापारी बिचारा मधल्या वाळूत उभा राहिला.

तेवढ्यात आई उठली. वडिलांनी भाजून, सोलून परातीत ठेवलेली वांगी होती. वडील मिठाच्या पुरचुंडीला हात घालत होते. आईने त्यांच्या हाताखालून परात उचलली. वडील पुरचुंडी धरून तसेच. ती परात घेऊन मधली वाळू ओलांडत गेली, पदर डोक्यावर, चालणं अगदी संथ, विहिरीवरून पाणी आणावं तसं. तिने परात मावशीच्या पुढ्यात, त्या चीर गेलेल्या काठवटीशेजारी ठेवली. मग वळली, आणि पुरुषांच्या बैठकीत कधीही आवाज न केलेली माझी आई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"यामा मीठ टाकेल नही. मीठच नही तं शपथ कशी मोडी?"

काकांनी तोंड उघडलं, पण मावशीने त्यांच्यापुढे मिरची-लसणाचा वाडगा असा ठेवला की ते तोंड मिटून ठेचायलाच बसले. सवय ही माणसाच्या अकलेपेक्षा बरी. मऊ, धुराचा वास आलेली वांगी हाताखाली आल्याबरोबर त्यांचा हात आपोआप पूर्वीसारखा चालायला लागला. पात पडली, दाणे पडले, कोथिंबीर पडली. शेवटी हात मिठाकडे गेला. मावशीने मिठाची पुरचुंडी उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

आई म्हणाली, "ज्यानं त्यानं आपलं मीठ लेवाचं."

भरीत दोघांच्या मधल्या वाळूवर ठेवलं. व्यापाऱ्याला आणि त्याच्या सोबत्यांना पानावर वाढलं आणि एका पानावर थोडं मीठ त्यांच्यापुढे ठेवलं. एका बाजूला वडील बसले, आपल्या पुरचुंडीतून चिमूट घेऊन. दुसऱ्या बाजूला काका, मावशीने मांडीखालून काढून दिलेल्या आपल्या पुरचुंडीतून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पण खाल्लं. मला वाटतं दोघांनी इतकं कधीच खाल्लं नव्हतं. भाकरी दादरच्या होत्या, आईच्या डब्यातल्या, आणि आमच्या वडिलांना आता कुठे कळलं की त्या दादरच्या का होत्या. मलाही तेव्हाच कळलं. आईने तो डबा घरून निघतानाच ठरवून भरला होता. व्यापारी आला नसता तरी ती परात त्या दिवशी वाळू ओलांडून जाणारच होती.

व्यापारी बोटं चाटत म्हणाला, असं भरीत दुसरीकडे नाही. वडील म्हणाले, भाजण्यात सगळं असतं. काका म्हणाले, ठेचण्यात. आणि मग, मला अजून हसू येतं, ते दोघे याच मुद्द्यावरून एकमेकांशी बोलायला लागले. कोणी कोणाची माफी मागितली नाही. पुढे वर्षानुवर्षं हे दोघे गावात सांगत फिरले की, आम्ही भावा-भावांनी मनाचा मोठेपणा दाखवून मिटवलं. ऐकणारे माना डोलवत. शपथ मात्र दोघांनी मरेपर्यंत पाळली. प्रत्येक जत्रेत आपापली मिठाची पुरचुंडी, आपापल्या कमरेला. एवढा मोठेपणा.

पुरुषांचं झालं. ते घोडे बघायला गेले. बायका नेहमीप्रमाणे मागून. काठवटीत जे उरलं होतं ते म्हणजे काठाला लागलेलं, थंड, राखेचे चार कण असलेलं. मी ते खरवडून एका ताटात काढलं. एकच ताट, कारण दोन ताटांपुरतं भरीत नव्हतं. आई आणि मावशी समोरासमोर बसल्या. मी दोन्ही पुरचुंड्या घेऊन आले. एक वडिलांची राहिली होती, एक काकांची. दोन्ही पुढे केल्या आणि म्हटलं, कुठलं घेता ते घ्या, पण घ्या, अळणी जाणार नाही.

आईने माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. मीठ त्यासनं शे," ती म्हणाली. "हाई आपलं शे."

मावशीने घास घेतला नाही. ती उठली. मला वाटलं, रागावली की काय. तिने पदर खोचला, तवा परत दगडांवर चढवला, विझत आलेल्या जाळात पऱ्हाट्या सारल्या आणि आईच्या डब्यातलं दादरचं पीठ घेतलं. आई उठायला लागली तसा मावशीने पिठाचा हात तिच्या खांद्यावर ठेवून तिला खाली बसवलं. आईच्या लुगड्यावर पांढरा पंजा उमटला.

"तू माहेरवाशीन शे ना?" मावशी म्हणाली. "बस. मी गरम भाकर लई येस."

आई बसली.